जुन्या प्रतींत नसलेली गोष्ट

आग्नेस बाईंसमोर ‘असं म्हणतात’ अशी सुरुवात करायची सोय नव्हती. “कोण म्हणतं?” हा प्रश्न लगेच यायचा. त्याचं उत्तर दिलं की, “त्याने स्वतः पाहिलं का?” आणि तेही निभावलं तर, “सांगितलं कधी? लगेच, की बऱ्याच वर्षांनी?” तिसऱ्या प्रश्नापर्यंत स्टाफरूममधल्या बहुतेक बातम्या जीव सोडायच्या. आमच्या बोईसरच्या शाळेत बाई इतिहास शिकवायच्या आणि मी विज्ञान. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असली तरी शाळेतली खरी तपासणी त्यांच्या टेबलावर व्हायची, हे मी केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

निवृत्तीनंतर आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो. एकदा इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला की एमआयडीसीत गॅस सुटलाय, मुलाबाळांना घेऊन मनोरकडे निघा. जिन्यात बॅगा, चपला आणि रडारड. मी स्वतः हातात कुकर घेऊन उतरलो होतो. तो का घेतला हे मला आजही सांगता येत नाही. बाई पहिल्या मजल्यावर जिना अडवून उभ्या होत्या आणि प्रत्येकाला विचारत होत्या, “तुला वास आला? तुला?” कुणालाच आला नव्हता, म्हणजे बोईसरला रोज येतो तो सोडून. “ज्याला जायचंय त्याने जा,” बाई म्हणाल्या. “पण ‘गॅस सुटला’ असं पुढे पाठवू नका. ‘मला अमक्याने सांगितलं’ असं पाठवा.” तासाभरात कळलं की ती अफवा होती. मी कुकर घेऊन गुपचूप वर गेलो.

अंगाने लहानखुऱ्या, सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा. रागावल्या की आवाज चढायच्या ऐवजी खाली उतरायचा, आणि वर्गातली सगळ्यात आगाऊ मुलंही त्या हळू आवाजाला टरकायची. बाई वसईकडच्या ख्रिस्ती घरातल्या. लग्न केलं नव्हतं. चर्चमधली रविवारची मिस्सा त्यांनी कधी चुकवली नाही, आणि बायबलमधली येशूच्या चरित्राची शुभवर्तमानं कुणी लिहिली, कधी लिहिली, त्यात किती खरं आणि किती मागाहून मिसळलेलं, यावरची पुस्तकं वाचणंही कधी थांबवलं नाही. पेन्शन सुरू झाल्यावर ग्रीक शिकायला घेतलं. “बाई, तुमचे ते तीन प्रश्न येशूच्या गोष्टींनाही लावता का?” मी एकदा चिडवायला विचारलं. “त्यांनाच आधी लावले,” त्या म्हणाल्या. “तुम्हा लोकांना नंतर.”

एकदा मी त्यांना इकडच्या, बोईसरकडच्या माहीमला आमच्या वाडीवर जेवायला नेलं. चिकूच्या झाडांखाली पंगत बसली आणि काकांनी घरची ठेवणीतली गोष्ट काढली: आमच्या आजोबांनी गोऱ्या साहेबाला वाडीतून हाकललं ती. साहेब घोड्यावर होता, आजोबांच्या हातात कोयता. बाईंनी भाताचा घास खाली ठेवला. “तुम्ही पाहिलंत?” मी कपाळावर हात मारला. काका म्हणाले, “मी तवा पाळन्यात होतो.” तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्या ओरडली, “घोडा कशाला? जीप होती! नि कोयता नाय, काठी!” काकांचा चेहरा पडला. पोरासोरांसमोर त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मोडत होती, आणि बाईंना जेवायला आणणारा मी.

बाई विचारतच राहिल्या. साहेब गेल्यावर काय झालं? काका घुटमळले. मग हळूच म्हणाले, “बापूस गोठ्यात लपला. तिनीसांजेपर्यंत. आईनं तितंच पेज नेऊन दिली.” आतून आत्या म्हणाली, “ते मातर खरं हाय.” बाईंनी चष्मा काढला. “मग घडलंय. घोडा की जीप ते सोडा. काहीतरी नक्की घडलंय. नुसती शेखी मिरवायला गोष्ट रचली असती तर गोठा तुम्ही कधीच गाळला असता.” आणि त्यांनी पेत्राचं सांगितलं. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याचा पट्टशिष्य पेत्र अंगणात शेकत बसून तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. चारही शुभवर्तमानांत ते आहे, तपशील मात्र जुळत नाहीत. “पेत्र म्हणजे त्यांचा पहिला पुढारी. त्याची अब्रू जाते अशी गोष्ट त्याचीच माणसं कशाला रचतील?” काकांनी जरा विचार केला आणि बाईंच्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा वाढला. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे चर्चशेजारच्या हॉलमध्ये रविवारी मिस्सा झाल्यावर बाई शुभवर्तमानांचा वर्ग घ्यायला लागल्या. त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून स्कूटरवरून मी पोचवायचो आणि परत कुठे जायचं म्हणून मागच्या बाकावर बसायचो. समोर एमआयडीसीतले कामगार, दवाखान्यांतल्या नर्स, दोनचार इंजिनीयर. बाई त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायच्या. पहिल्या पाळीने दुसरीला काय सांगितलं आणि तिसरीपर्यंत त्याचं काय झालं, हे तुम्ही रोज बघता. येशूने स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही. तो अरामी बोलायचा, आपल्यापर्यंत आलं ते ग्रीकमधून. सगळ्यात जुनं बहुधा मार्कचं, तेही येशूनंतर एक पिढी उलटल्यावरचं. मत्तय आणि लूक यांच्यासमोर मार्क होता. त्याची खडबडीत वाक्यं त्यांनी कुठे उचलली आणि कुठे घासूनपुसून घेतली ते ओळीशेजारी ओळ ठेवली की दिसतं. योहानाचा सूरच निराळा. आणि ही नावंसुद्धा लिहिणाऱ्यांनी स्वतः मजकुरात घातलेली नाहीत, ती परंपरेने दिलेली.

“मंग खोटं हाय का सगळं?” एका नर्सने घाबरून विचारलं होतं.

“खोटं म्हटलं की विचार करायचा त्रास वाचतो,” बाई म्हणाल्या. “डोळे मिटून खरं म्हटलं तरी वाचतो. आपण त्रास घेऊ.”

या वर्गात पहिल्या बाकावर फिलोमिना बसायची. दवाखान्यात आया होती. नवऱ्याचं घर सोडून ती मनोरला एका माणसाबरोबर राहिली होती, आणि तो माणूस पुढे तिला सोडून गेला. परत आली तेव्हा तिच्या भावाने, जोकिमने, दार उघडलं नव्हतं. जोकिम तारापूरच्या एका कारखान्यात फिटर. सरळ, कष्टाळू आणि हट्टी माणूस. फिलू दवाखान्याच्याच एका खोलीत राहायची. मग ईस्टरआधीच्या उपवासातल्या एका रविवारी मिस्सेत ती गोष्ट वाचली गेली. व्यभिचारात धरलेली बाई लोक येशूपुढे आणतात, हिला दगडांनी मारायचं ना म्हणून विचारतात. येशू वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहीत राहतो आणि म्हणतो, तुमच्यात ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा. एकेक जण निघून जातो. मग तो तिला म्हणतो, मीही तुला दोषी ठरवत नाही. जोकिम चर्चमधून घरी गेला नाही, थेट दवाखान्यात गेला. बाईंनी आणि मी त्यांना भर रस्त्यात येताना पाहिलं: पुढे खांद्यावर ट्रंक घेतलेला जोकिम, मागे फिलू.

त्याची बायको भडकली. सासरे भांडायला आले. जोकिमचं सगळ्यांना एकच उत्तर होतं, “शास्त्रात लिवलंय म्हनून आनली.” दुसरं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. फिलूचं घर त्या एका उताऱ्यावर उभं होतं, आणि हे बाईंना पुरतं ठाऊक होतं.

वर्ग योहानाच्या आठव्या अध्यायाशी, म्हणजे त्याच गोष्टीशी, आला त्या रविवारी जोकिम बहिणीला न्यायला लवकर आला होता. हेल्मेट हातात धरून दारात उभा. बाईंनी त्याला पाहिलं, पानं उलटली आणि म्हणाल्या, “आज आपण पुढचा अध्याय घेऊ.” बाई टाळताहेत असं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मनात म्हटलं, टाळा, खुशाल टाळा. पण एका तरुण इंजिनीयरने हात वर केला. “बाई, आधी हे सांगा ना. माझ्या बायबलमध्ये हा उतारा कंसात आहे. खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलंय. ते काय?”

बाईंनी पानं परत मागे उलटली. मग त्यांचा आवाज खाली उतरला. “आपल्याकडे ज्या सगळ्यात जुन्या ग्रीक प्रती आहेत, त्यांत ही गोष्ट नाही. मागचा मजकूर पुढच्याला थेट जोडलेला आहे. भाषाही योहानाच्या धाटणीची नाही. नंतरच्या काही प्रतींत ती इथे आहे, काहींत शेवटी, तर काहींत चक्क लूकमध्ये.”

“म्हंजे योहानानं नाय लिवली?” दारातून जोकिमने विचारलं.

“बहुतेक नाही.”

“मंग कुनी लिवली?”

“माहीत नाही.”

“पन घडलं तरी हाय ना?”

फिलूने मागे वळून भावाकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “ते मला सिद्ध करता येणार नाही, जोकिम. पण गोष्ट फार जुनी आहे, तू आधी ऐक—” तो ऐकायला थांबला नाही. त्याने हॉलमध्येच हेल्मेट डोक्यात घातलं आणि फिलूला न घेता निघून गेला.

फिलूला घेऊन आम्ही बाईंच्या घरी आलो. दुपारी जोकिम आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. रागावलेला कमी, हैराण जास्त दिसत होता. “बाई, तुमी शिकलेल्या. मी घरात काय तोंड दाखवू? बायको म्हनते, बघा, गोष्टच खोटी निघाली. सासरा हसला माज्यावर.” मग मान खाली घालून त्याने आपली अट सांगितली. “येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर सगळ्यांसमोर सांगा की तुमची चूक झाली. ती गोष्ट पयल्यापासून शास्त्रात हाय. मी तितूनच फिलूला घरी नेतो.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर तुमीच ठेवा तिला.”

तो आठवडा मला कधी विसरता येणार नाही. चर्चचे फादर येऊन गेले. भला माणूस. म्हणाले, “बाई, ख्रिस्तसभेने तो उतारा पवित्र शास्त्र म्हणून स्वीकारलाय. कुणीही लिहिलेला असो. तेवढंच सांगा आणि मोकळ्या व्हा.” बाई म्हणाल्या, “तेवढं सांगेनच, फादर. मी ते मानतेही. पण तो विचारतोय ते वेगळं आहे.” मग मी त्यांच्या मागे लागलो. हरिश्चंद्र व्हायची एवढी हौस कशाला म्हणालो, एका ओळीने एका बाईला छप्पर मिळतंय, दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रतींना कुणाचं काय जातंय. मी असतो तर दहा वेळा खोटं बोललो असतो आणि वर मिसळ खायला गेलो असतो. बाईंनी ऐकून घेतलं आणि चहा पुढे केला. मला त्यांचा भयंकर राग आला.

पण खरं मागणं फिलूने केलं. ती तांदूळ निवडत बसली होती, वर न बघता म्हणाली, “बाई, एकदाच बोला ना खोटं. माज्यासाटी.”

बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, त्या गुडघ्यांनी. “बोलले, समज. उद्या कुणीतरी त्याला ती तळटीप पुन्हा दाखवेल. तेव्हा तो तुला पुन्हा बाहेर काढेल. आणि तेव्हा मी नसेन.”

“उद्याचं उद्या. मला घर आज पायजे.”

बाई तिच्या सुपातले खडे वेचत राहिल्या. मी उठून माझ्या घरी आलो, कारण तिथे बसवेना.

रविवारी हॉल भरून गेला. वर्गाला कधी न येणारेही आले होते. मागे जोकिम, शेजारी त्याची बायको, पुढे फिलू, पदर मुठीत धरलेला. बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. आधी त्यांनी ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, सावकाश. मग म्हणाल्या, “ख्रिस्तसभा हा उतारा शास्त्र मानते, मीही मानते. पण सगळ्यात जुन्या प्रतींत तो नाही, हेही खरं आहे. मी ते मागे घेणार नाही.”

कुणीतरी “शरम करा” म्हणालं. फिलूची मान खाली गेली. बाई थांबल्या नाहीत. “पूर्वी पुस्तकं हाताने उतरवून काढायचे. ही गोष्ट कुठे ठेवावी ते उतरवणाऱ्यांना कळत नव्हतं. कुणी इथे ठेवली, कुणी तिथे. काहींनी शेजारी खूण केली, की हिच्याबद्दल शंका आहे. सोडून देणं सगळ्यात सोपं होतं. अशी बाई शिक्षेवाचून सुटते, ही गोष्ट तेव्हाच्या घराघरांतही अडचणीचीच असणार. तरी काही लोकांच्याने ती सोडवली नाही. म्हणून मला वाटतं, ती फार जुन्या काळापासून चालत आलेली आहे. मला मनापासून वाटतं की ती घडली असेल. पण जोकिमने मला काय वाटतं ते विचारलं नाही, काय माहीत आहे ते विचारलं. मला माहीत नाही.”

मग त्यांनी मागे बघितलं. “मला माहीत आहे ते एवढंच. उपवासातल्या त्या रविवारी जोकिम बहिणीची ट्रंक खांद्यावर घेऊन घरी चालला होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच दिवशी लोकांना सांगितलं. त्याची साक्ष कुणीही, कधीही मागावी.”

मला वाटलं, आता तो वितळेल. कसला वितळतो. जोकिम ताडकन उठला आणि निघून गेला, पाठोपाठ त्याची बायको. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. फिलू रडली नाही. तिने बाईंची पिशवी उचलली आणि माझ्या स्कूटरपाशी येऊन उभी राहिली. फादरकडे लोकांच्या तक्रारी गेल्या आणि वर्गाला कुलूप लागलं.

फिलू बाईंकडे राहिली. सुरुवातीला दोघींत बोलणं बेताचंच होतं. फिलूने बाईंना माफ केलं नव्हतं, आणि बाई तिच्याकडे माफी मागतही नव्हत्या. पण गुडघ्यांना तेल चोळायला कुणीतरी आलं, दमट कपड्यांच्या घड्यांवरून भांडणं सुरू झाली, बोंबलाच्या कालवणात कोकम किती घालायचं यावरून तर जिन्यात ऐकू येईल इतकी. मग एके दिवशी मला आतून दोघींचं हसू ऐकू आलं. बाई इतक्या मोठ्याने हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. फिलूची दवाखान्यातली पाळी सुटायची वेळ झाली की बाई खिडकीत जाऊन उभ्या राहायच्या, आणि मी विचारलं तर हवा खायला उभी आहे म्हणायच्या. या वयात त्यांना घरात माणूस लाभलं होतं. मला बरं वाटायचं, आणि भीतीही वाटायची.

पुढे मी मुलीकडे गेलो, आणि परत येईपर्यंत भाच्याने बाईंना वसईला नेलं होतं. तिथेच त्या गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मुलीकडे जायच्या आदल्या दिवशी, दुपारी. वाडीवरचे नारळ द्यायला म्हणून गेलो होतो. फिलू ताट वाढत होती. मी नारळ कोपऱ्यात ठेवतोय तोच दारात जोकिम उभा. या वेळी कुणी ये म्हणायच्या आधीच तो उंबरा ओलांडून आत आला होता.

“बायकोला सांगून आलोय,” तो फिलूला म्हणाला. “सासऱ्यालापन.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं, ती गोष्ट कुनी लिवली, घडली का नाय घडली, कुनालाच म्हायती नाय. बाईंनापन नाय. पन माजी बहीन घरी येनार. चल, फिलू.”

मी बाईंकडे पाहिलं. त्यांना हेच हवं होतं, दुसरं काहीही नको होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्या ताटाशी बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या, एक हात ताटाच्या कडेवर.

फिलूने आधी भावाकडे पाहिलं, मग बाईंकडे. “बाईंचं जेवान व्हायचंय,” ती म्हणाली. “बस तोवर.”

जोकिम भिंतीशी टेकून बसला. फिलूने वाटीत कालवण घातलं. बाईंनी भात कालवला, आणि त्या दिवशी त्या फार सावकाश जेवल्या.